ठकूबाईच्या वहाणा

दहाव्याच्या दिवशी कावळा शिवेना.

कानंदी नदीच्या काठी उंबराखाली सगळी भावकी उभी होती. पिंड मांडून बराच वेळ झाला होता. शेजारी केळीच्या पानावर ठकूबाईला आवडायचं ते सगळं ठेवलं होतं. नाचणीची भाकरी, लसणाची चटणी, कपभर चहा, मशेरीची डबी. वर फांदीवर तीन कावळे बसले होते. माना वाकड्या करून खाली बघायचे आणि जागचे हलायचे नाहीत.

गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकला असला की कावळा पिंडाला शिवत नाही, असं सगळेच मानतात. मग ज्याला जे सुचेल ते तो कबूल करतो. आधी मुलगा सोनबा पुढं झाला. हात जोडून म्हणाला, "आये, आबांची काळजी करू नगंस. आमी हाय." कावळे बसूनच. मग मुलगी बना म्हणाली, "आये, तुजी म्हस आमी इकनार न्हाई." तरी नाही. ठकूबाईचा भाऊ गेनू आला होता. तो म्हणाला, "ठके, बनाची दिवाळीची साडी हितनं पुढं माझ्याकडं." एक कावळा उडाला आणि पलीकडच्या फांदीवर जाऊन बसला.

ठकूबाईच्या नवऱ्याची, रखमाजीची, थोरली बहीण अक्काबाई पदर डोक्यावर ओढून म्हणाली, "बाई, काय ऱ्हायलंय ते सांग तरी. जित्ती व्हतीस तवा कवा सांगितलं न्हाईस, आता आमी कसं वळकायचं?"

कुणीतरी म्हणालं, दर्भाचा कावळा करून शिववा आणि मोकळं व्हा. ऊन डोक्यावर आलंय.

तेव्हा रखमाजी उठला. इतका वेळ तो दगडावर बसून होता. पिंडासमोर उकिडवा बसला आणि हळू आवाजात काहीतरी बोलला. तो मागं सरकायच्या आत कावळा खाली उतरला. आधी भाकरीला चोच लावली, मग पिंडाला.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. अक्काबाईनं विचारलं, "काय बोललास रं?"

"काय न्हाई," रखमाजी म्हणाला.

तो असाच होता. बाजाराला जाऊन आला आणि ठकूबाईनं विचारलं, "काय बघितलंत?" की म्हणायचा, "काय न्हाई. बाजार." एकदा तालमीच्या पोरांबरोबर भोरला राजवाडा बघून आला. तिनं ताटात भाकरी वाढता वाढता विचारलं, कसा हाय, किती मोठा हाय. हा म्हणाला, "वाडा हाय. मोठा हाय." ती वाट बघत थोडा वेळ बसली आणि मग उठून चुलीकडं गेली. सत्तावीस वर्षांचा संसार. त्यात ती नसरापूरच्या पलीकडं एकदाच गेली. तीही पुण्याला, दवाखान्यात.

ती गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. ठकूबाईच्या पोटात गाठ होती. वेल्ह्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. पुण्याला जायचं म्हणून तिनं नसरापूरच्या बाजारातून नव्या वहाणा घेतल्या. जन्मात पहिल्याच. घरापासून वेल्ह्याच्या ष्ट्यांडापर्यंत त्या काखेत धरून अनवाणी चालली आणि गाडीत बसल्यावर पायात घातल्या. रखमाजी हसला होता. ती म्हणाली, "पुन्यात घालायच्या हाईत. हितं कुणाला दावायच्या?"

दवाखान्यात बाकावर शेजारी उत्रोलीची साळूबाई नावाची एक बाई बसली होती. तिचा मुलगा पुण्यात कामाला होता, त्यानं तिला शहर फिरवलं होतं. ती सांगत होती, एका वाड्यात एका माणसानं जुन्या वस्तू गोळा करून ठेवल्यात. सोन्यानाण्याच्या नव्हेत. घरातल्याच. दिवे, विळ्या, पळ्या, फण्या, कुलपं. काचेच्या कपाटात मांडल्यात आणि लोक तिकीट काढून बघतात.

"इळी?" ठकूबाई म्हणाली. "काचंत ठिवलीय?"

"व्हय. आन् साहेब लोक वाकून वाकून बघत्यात."

"मग भाजी कशानं चिरत्यात?"

दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. गाठ असलेली बाई इतकी हसू शकते याचं रखमाजीला तेव्हा नवल वाटलं होतं.

तपासणी एक वाजता झाली. डॉक्टरांनी औषध दिलं, तीन महिन्यांनी या म्हणाले. बाहेर आल्यावर ठकूबाईनं विचारलं, "आवं, तो वाडा बघायचा का? साळूबाई म्हनली, लई लांब न्हाई."

"चारची गाडी चुकंल," रखमाजी म्हणाला. "पुढच्या खेपेला बघू."

दोघं स्वारगेटला आले तेव्हा दीड वाजला होता. चारपर्यंत फलाटावर बसून राहिले. ठकूबाईनं वहाणा काढल्या, एकमेकींवर आपटून धूळ झाडली आणि मांडीवर घेतल्या. गाडी नसरापूरच्या पुढं आल्यावर खिडकीबाहेर बघत ती एवढंच म्हणाली, "बसलोच की अडीच तास."

पुढची खेप आली नाही. तीन महिन्यांनी भात कापणी होती. मग सोनबाच्या बायकोचं बाळंतपण आलं. मग ठकूबाईच म्हणाली, मला बरं वाटतंय, कशाला उगा खर्च. दुसऱ्या वर्षी माघात ती घरातच गेली. वहाणा आडव्या बांबूला टांगलेल्या तशाच राहिल्या.

कावळ्याला रखमाजी एवढंच म्हणाला होता, "पुन्याचा तो वाडा तुला दावतो. चुकली तर चुकली गाडी."

आणि कावळा शिवला. म्हणजे त्याला आता दाखवायला हवं होतं. गेलेल्या माणसाला वाडा दाखवायचा कसा, हे विचारावं असं कुणी त्याला दिसेना. विचारलं असतं तर लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याला बायकोनं येड लावलं. चैत्र संपता संपता एका पहाटे त्यानं वहाणा खाली काढल्या, धोतराच्या सोग्यानं पुसल्या, कापडी पिशवीत घातल्या आणि सोनबाला म्हणाला, "पुन्याला जाऊन येतो."

"कशाला?"

"काय न्हाई. काम हाय."

गाडीत पिशवी मांडीवर होती. कंडक्टर म्हणाला, वर ठेवा. रखमाजी म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, वज्जं न्हाई."

स्वारगेटला उतरल्यावर विचारत विचारत तो आधी शनिवारवाड्यावर गेला. वाडा म्हटल्यावर लोकांनी तोच दाखवला. मोठा दरवाजा होता, त्याला लांब लांब खिळे होते. आत बाग होती आणि पडक्या जोत्यांवर पोरं पळत होती. ठकूबाईचा वाडा हा नव्हे, एवढं त्याला कळलं. पण आलोय तर हेही दाखवावं म्हणून त्यानं आजूबाजूला बघितलं, वहाणा काढल्या आणि दरवाजाच्या पायरीवर शेजारी शेजारी ठेवल्या. स्वतः बाजूला उभा राहिला.

शेंगदाणेवाला बघत होता. म्हणाला, "बाबा, उचला त्या. हितं चपलांस्नी लगेच पाय फुटत्यात."

"उचलतो."

"कुनाची वाट बघताय का?"

"न्हाई. आलीय बरूबर."

शेंगदाणेवाल्यानं इकडंतिकडं बघितलं. त्याला कुणी दिसलं नाही. मग त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "मालकीन?"

रखमाजीनं मान हलवली. शेंगदाणेवाला टोपलीतल्या मडक्यातला निखारा फुंकू लागला. थोड्या वेळानं त्यानं हात करून नदीकडं दाखवलं. म्हणाला, "पानशेत फुटलं तवा पानी लई वर आलं व्हतं. माझं घरच गेलं. सांगा त्यास्नी." जुन्या वस्तूंचा वाडा कुठं आहे तेही त्यानंच सांगितलं. दोन चौक टाकून उजव्या हाताला, पिंपळाच्या पाराजवळ.

वाडा खरंच फार मोठा नव्हता. दारात टेबल, टेबलामागं खाकी सदऱ्यातला शिपाई. भिंतीला लाकडी फळ्या होत्या, त्यावर पिशव्या आणि छत्र्या. रखमाजीनं तिकीट काढलं.

"पिशवी हितं ठेवा," शिपाई म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या माझ्याजवळ."

"न्हाई चालत. मागं एक जन अडकित्ता पिशवीत टाकून घिऊन गेला. तवापास्नं साहेबांचा नेम हाय. हा घ्या बिल्ला."

"हिच्यात काय न्हाई. वहाना हाईत."

"मग तर काय हरकत न्हाई ठिवायला. वहाना कशाला बघत्यात म्युझियम?"

मागं उभी असलेली दोन कॉलेजची पोरं हसली. पिशवीच बघायला आली आहे, मी नुसता घेऊन आलोय, हे चार लोकांत कसं सांगायचं? त्यानं पिशवी फळीवर ठेवली, पितळी बिल्ला मुठीत धरला आणि आत गेला.

आत गर्दी होती. एक गृहस्थ बायकोपोरांना हाकत होता, "चला लवकर, अजून पर्वती व्हायचीय." त्यांच्या मागोमाग रखमाजीही पुढं पुढं सरकला. कपाटं आली आणि गेली. त्याचं चित्त दाराशी होतं. कुणी पिशवी उचलून नेली तर? पाव तासात तो खालचा सगळा मजला फिरून दाराशी आला आणि बिल्ला पुढं केला.

शिपाई पिशवी देता देता सहज म्हणाला, "झालं? काय बघितलंत?"

"काय न्हाई," रखमाजी म्हणाला. "जुन्या वस्तू हाईत."

बोलला आणि तसाच उभा राहिला. पिशवी त्याच्या हातात होती. आपण काय बोललो ते त्याच्या कानावर आलं होतं.

तो बाहेर येऊन पारावर बसला. पिशवी शेजारी ठेवली, तिच्या तोंडातून वहाणा दिसत होत्या. बराच वेळ तो आठवत राहिला. दिवे होते. किती होते? कसे होते? विळी होती का? ती हसली होती ती विळीवरून, आणि विळी आत होती की नव्हती हे त्याला सांगता येत नव्हतं. ती असती तर विचारलं असतं. तो म्हणाला असता, "व्हती आसंल." ती चुलीकडं गेली असती.

जेवणाची वेळ झाली तसा शिपाई डबा घेऊन पाराच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला. दारावर त्यानं दुसऱ्या माणसाला उभं केलं होतं. त्यानं भाकरी उकलली आणि रखमाजीकडं बघून म्हणाला, "पाव्हनं, गाव कंचं?"

"येल्ह्याकडं. तोरन्याच्या पायथ्याला."

"मी कामथडीचा. चिमाजी." त्यानं चतकोर भाकरी आणि झुणका पुढं केला. "घ्या. मघाशी पिशवीवरनं बोललो, राग धरू नगा. पन वहाना कुनाच्या हाईत ह्या? नव्या दिसत्यात. बायमानसाच्या."

रखमाजीनं भाकरी हातात घेतली. खाल्ली नाही. म्हणाला, "घरच्यांच्या."

"मग त्या कुठं हाईत?"

"माघात गेल्या."

चिमाजी चावायचा थांबला. त्यानं विचारलं, "कावळा कशावर शिवला?"

तो गावाकडचा होता. त्याला बाकी काही विचारावं लागलं नाही.

"ह्याच्यावर," रखमाजी म्हणाला आणि वाड्याकडं हात केला. "दावतो म्हनलो. आन् तुमी पिशवी ठिवून घेतली."

"मला सांगायचं न्हाई का व्हय, म्हाराज?"

"काय सांगू? चार लोकांत?"

चिमाजीनं डब्याचं झाकण लावलं. हात धुतले. म्हणाला, "पिशवीचा नेम हाय, तो काय मोडायचा न्हाई. पिशवी ऱ्हाऊ द्या फळीवर. वहाना हातात धरून चला. वहानांचा काय नेम न्हाई."

असा रखमाजी दुसऱ्यांदा आत गेला. दोन्ही वहाणा त्यानं छातीशी धरल्या होत्या, तळ आत आणि तोंडं पुढं करून. पहिल्या कपाटापुढं उभा राहिला. दिवे होते.

त्याला वाटलं होतं, नुसतं उभं राहिलं की झालं. पण उभं राहिल्यावर गप्प राहणं त्याला जमेना. तो हळूच म्हणाला, "हे दिवे बग. ह्यो टांगायचा हाय. ह्याच्या साखळीला मोर हाय. ह्या दुसऱ्याला पाच वाती. ह्याला तेल लई लागत आसंल." घसा खाकरला. "ह्यो आपल्या देवळातल्यासारका हाय. पन आपल्याचं एक तोंड मोडलंय, ह्याचं न्हाई."

लोक वळून बघायचे आणि पुढं जायचे. चिमाजी दोन पावलं मागं चालत होता, हात मागं बांधून.

दुसऱ्या दालनात विळ्या होत्या. अकरा. त्यानं बोटानं मोजल्या. "हिच्या बुडाला कासव हाय. ही घोड्याची. हिला खोबरं खवायला पुढं चांदनी केलीय." मग म्हणाला, "धार न्हाई एकीला बी. तू म्हनली व्हतीस ते खरं हाय, भाजी काय चिरत न्हाईत हिच्यावं."

चिमाजी हसला आणि मग तोंड फिरवून खिडकीबाहेर बघू लागला.

पुढं पळ्या, अडकित्ते, कुंकवाचे करंडे. फण्या होत्या, हस्तिदंती, लाकडी. एका कपाटात पितळेच्या लहान लहान वस्तू होत्या, खाली खडबडीत आणि वर बदक नाहीतर हत्ती बसलेला. रखमाजीला कळेना. त्यानं चिमाजीकडं बघितलं.

"वजऱ्या," चिमाजी म्हणाला. "सरदारांच्या बायका नहाताना टाचा घासायच्या. ह्या बदकाच्या पोटात खडे हाईत. घासताना वाजत्यात."

ठकूबाईच्या टाचांना भेगा होत्या. भात लावणीत त्यातून रक्त यायचं. रात्री ती आमसुलाचं तेल गरम करून भरायची आणि नदीवर गेली की काळ्या दगडावर घासायची. रखमाजीला हे माहीत होतं. आणि तरी या कपाटापुढं ती थांबली असती, का हसून पुढं गेली असती, का फण्यांकडं परत वळली असती, हे त्याला माहीत नव्हतं. चहा आवडायचा, मशेरी लागायची, एवढं पानावर मांडण्याइतपत ठाऊक होतं. डोळ्यांना काय आवडायचं हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. तिनं बघितलेलं असं होतंच किती?

म्हणून तो प्रत्येक कपाटापुढं सारखाच थांबला. एकही सोडलं नाही. कुलपांपुढं थांबला, बाहुल्यांपुढं थांबला, तंबाखूच्या डब्यांपुढंही थांबला. प्रत्येक वस्तूचं सांगितलं. जिचं नाव कळलं नाही तिचा आकार सांगितला. बोलून बोलून त्याचा घसा बसला. सत्तावीस वर्षांत तो तिच्याशी एकदम इतकं बोलला नव्हता.

जिन्याखालच्या घड्याळात चार ठोके पडले. चिमाजी म्हणाला, "पाव्हनं, येल्ह्याची गाडी चारची का?"

"व्हय."

"मग?"

"जाऊ द्या."

"आता सकाळी हाय दुसरी."

"जाऊ द्या म्हनलो न्हवं," रखमाजी म्हणाला आणि वहाणा जरा वर धरल्या. समोर झोपाळ्याच्या पितळी कड्या होत्या, प्रत्येक कडीत एक बाई, एक हत्ती, एक घोडेस्वार.

वरच्या मजल्यावर तीन दालनं होती. पहिल्या दोन दालनांत दरवाजे, खिडक्या आणि वाद्यं होती. ती बघून होईपर्यंत लोक ओसरले. खाली साहेबांनी घंटा वाजवली. चिमाजी शेवटच्या दालनाच्या उंबऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "एवढी एक खोली ऱ्हायली. पाच-सात मिन्टं मिळतील. चला बिगीबिगी."

रखमाजी उंबऱ्यापर्यंत आला. आत खिडकीतून तिरपं ऊन पडलं होतं. काचेच्या कपाटांत कापडं दिसत होती, जुन्या साड्या, खण, काठ. लांबूनही त्यांचा रंग कळत होता.

तो तिथंच उभा राहिला. ही खोली बघितली की बोलल्याप्रमाणे सगळं दाखवून झालं. मग बांबूला वहाणा परत टांगायच्या, नाहीतर कुणाला तरी देऊन टाकायच्या. आईला पुणं दाखवून आलो म्हणून सोनबाला सांगायचंही कारण नव्हतं, कारण त्याला काही माहीतच नव्हतं. मशेरीची डबी दहाव्याला गेली. म्हैस बना बघत होती. ठकूबाईसाठी आता करायचं असं या खोलीवाचून त्याच्याकडं काही राहिलं नव्हतं.

"चला की," चिमाजी म्हणाला.

रखमाजीनं वहाणांकडं बघितलं. डाव्या वहाणेत अंगठ्याचा पुसट खळगा पडला होता, उजवीत तेवढाही नव्हता.

"ही ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.

"आवं, एवढं समदं बघितलं आन् साड्याच सोडताय? बायमानसाला त्याच दावायच्या असत्यात आधी."

"म्हनूनच." रखमाजी वळला आणि जिन्याकडं चालू लागला. दोन पायऱ्या उतरल्यावर थांबला आणि वहाणांना, चिमाजीला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला, "पुढच्या खेपेला बघू."

खाली येऊन त्यानं बिल्ला दिला, पिशवी घेतली. चिमाजी दाराला कुलूप घालेपर्यंत तो पाराजवळ उभा राहिला. मग पायातल्या आपल्या चपलांची धूळ झाडली, ठकूबाईच्या वहाणांना लागलेली पुण्याची धूळ तशीच राहू दिली, आणि स्वारगेटच्या रस्त्याला लागला. सकाळच्या गाडीला पुष्कळ वेळ होता. तिथं त्या फलाटावर बसून तिला अकरा विळ्यांचं परत एकदा सांगता आलं असतं.